मदत हवी आहे: थॅलेसेमियाच्या मुलीला अँटिऑक्सिडंट द्यावेत का?

नमस्कार मंडळी,

माझ्या नऊ वर्षांच्या भाचीला थॅलेसेमिया मेजर आहे, म्हणजे शरीरात पुरेसं हिमोग्लोबिन बनत नाही असा जन्मजात आजार. दर तीन आठवड्यांनी रक्त चढवतात, साठलेलं लोह उतरवायला रोज डेफेरासिरॉक्स. मागचं फेरिटिन (शरीरातल्या लोहाच्या साठ्याचा अंदाज देणारी रक्ततपासणी) २१०० आलं, म्हणजे बरंच जास्त, डॉक्टरांनी डोस वाढवलाय.

आता कुणीतरी व्हॉट्सॲपवर पाठवलंय की परक्या रक्ताने ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेस वाढतो, म्हणजे पेशींना इजा करणारे रेणू वाढतात, आणि त्यांना आवरणारे अँटिऑक्सिडंट द्यावेत. झालं! ताईच्या सासूबाईंनी आवळ्याचा रस आणि व्हिटॅमिन सीच्या चघळायच्या गोळ्या आणून ठेवल्या.

मला समजलंय ते असं. रक्ताच्या एका पिशवीतून २०० ते २५० मिलिग्रॅम लोह येतं आणि शरीर दिवसाला जेमतेम १-२ मिलिग्रॅम बाहेर टाकतं. लोह वाहून नेणारं ट्रान्सफेरिन भरलं की उरलेलं मोकाट फिरतं, त्यातून हायड्रॉक्सिल रॅडिकल नावाचे असे इजा करणारे रेणू तयार होतात आणि पेशींच्या आवरणातल्या मेदावर तुटून पडतात. यकृत, हृदय, ग्रंथी सगळ्यांनाच झळ. ते निस्तरताना व्हिटॅमिन ई खर्ची पडतं. म्हणजे मेसेज अगदीच खोटा नाही, पण रक्त कमी दिलं तर तिच्या अस्थिमज्जेत सदोष लाल पेशी आणखी बनणार, आणि त्यातल्या हिमोग्लोबिनच्या जादा अल्फा साखळ्याही हेच नुकसान करतात. रक्त टाळणं हा उपाय नव्हेच.

तर विचारायचंय: कुणाच्या मुलांना डॉक्टरांनी व्हिटॅमिन ई दिलंय का? सीचं काय? आणि रक्तपेढीकडे ताज्या पिशवीचा आग्रह धरावा का?

प्रतिसाद १
माझा मुलगा आता कॉलेजात आहे, त्यामुळे हे सगळं पाहिलंय. सीच्या गोळ्या आधी कपाटातून काढा. सी अन्नातलं लोह जास्त शोषायला लावतं, शिवाय साठ्यातलं लोह मोकळं करतं. डेस्फेरालच्या (लोह उतरवणारं दुसरं औषध, त्वचेखाली पंपाने देतात) पंपाबरोबर डॉक्टर थोडं देतात, किलोमागे २-३ मिलिग्रॅम, तेही पंप सुरू झाल्यावर. मोठ्या डोसने हृदयाला त्रास होऊ शकतो. ईमुळे मेदाचं ऑक्सिडेशन कमी झाल्याचं छोट्या चाचण्यांत दिसलंय, पण लोह त्याने उतरत नाही. हिमॅटॉलॉजिस्टना विचारूनच. आणि नुसत्या फेरिटिनवर विसंबू नका, हृदयातलं लोह मोजणारा टी-टू-स्टार एमआरआय कधी करायचा ते विचारा. त्यातला आकडा २० मिलिसेकंदांच्या खाली आला तर हृदयात लोह साठतंय.

प्रतिसाद २
रक्तपेढीत आहे म्हणून पिशवीपुरतं सांगते. एसएजीएममधल्या (पेशी टिकवणारं पिशवीतलं द्रावण) लाल पेशी ४२ दिवस चालतात, पण पेशींतलं ग्लुटाथायोन, म्हणजे त्यांचं स्वतःचं अँटिऑक्सिडंट, दिवसागणिक घटतं आणि काही पेशी चढवल्यावर लगेच बाद होतात. २०१६ च्या इन्फॉर्म चाचणीत वीस हजारांवर रुग्णांत ताज्या-जुन्या रक्ताने मृत्यूदरात फरक पडला नाही, मात्र ते इस्पितळात दाखल असलेले सर्वसाधारण रुग्ण होते. तुमच्या भाचीसारख्यांना पेशी जास्त दिवस टिकणं महत्त्वाचं, म्हणून दोन आठवड्यांच्या आतली पिशवी मागा. आधी फोन केलात तर बहुतेक वेळा बाजूला काढून ठेवता येते.

धागाकर्ती
दोघांचे आभार. गोळ्या ताईने उचलल्या. आवळ्याच्या रसावर मात्र सासूबाई अडून आहेत, पुढच्या भेटीला त्यांनाच डॉक्टरांसमोर नेतोय.