'पीडित', 'फिर्यादी', 'बळी': पत्रकात कोणता शब्द घालावा?

प्रश्न (ऐरोली)
गुन्ह्याची झळ बसलेल्या लोकांसाठी आमची छोटी संस्था काम करते. पोलीस ठाण्यांत आणि दवाखान्यांत ठेवायला मराठी पत्रक करतोय, पण 'पीडित' शब्दावर घोडं अडलंय. एकीचं म्हणणं, तो वाचून माणूस आणखी खचतो. दुसरी म्हणते, कायद्यात आहे, काढू नका. शिवाय 'सपोर्ट पर्सन'ला मराठीत काय म्हणावं?

प्रतिसाद (नौपाडा, ठाणे)
ताई, 'पीडित' ठेवा. का ते सांगतो, कारण इथे शब्दाला हक्क चिकटलेले आहेत.

फिर्यादी म्हणजे फिर्याद देणारा. मूळ फारसी, अर्थ मदतीसाठी मारलेली हाक. घरफोडीत ज्याचं घर फुटलं तोच बहुधा फिर्याद देतो, त्यामुळे फिर्यादी आणि पीडित यांतला फरक लक्षातच येत नाही. पण लेकीवर अत्याचार झाला आणि आईने फिर्याद दिली, तर फिर्यादी आई आणि पीडित लेक. खुनाच्या गुन्ह्यात तर शेजारीही फिर्यादी असू शकतो. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेत २००८ च्या दुरुस्तीने पीडिताची व्याख्या आली. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेतही ती आहे, आणि तिच्यात पालक व कायदेशीर वारस धरलेले आहेत. मयताची बायको म्हणते, "मी कुठली पीडित, गेला तो माझा नवरा." तिला सांगावं लागतं की बाई, कायद्याने तुम्हीही पीडित आहात. भरपाईचा अर्ज, तपास कुठवर आला हे ९० दिवसांत पोलिसांनी कळवणं, आरोपी सुटला तर अपील, सगळं त्या एका शब्दावर उभं आहे. तो पत्रकातून गेला तर वाचणाऱ्याला कळणारच नाही की हे आपल्याबद्दल आहे.

काढायचाच असेल तर 'बळी' काढा. "गुंतवणुकीच्या आमिषाला बळी पडून रक्कम भरली" हे वाक्य सायबर फसवणुकीच्या बातम्यांत ठरलेलं आहे. आपण 'मोहाला बळी पडणे'ही म्हणतो. म्हणजे ज्याचे पैसे गेले त्याच्यावरच निम्मा ठपका. निवृत्तीची पुंजी गेलेला माणूस घरच्यांना तोंड दाखवायला लाजतो आणि सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनवर फोन करायला उशीर करतो. तिथे तर पहिले काही तास सोन्याचे. रक्कम पुढच्या खात्यात वळली की अडवणं अवघड. "तुमची फसवणूक झाली आहे" असं सरळ लिहा. क्रियापद ठगाकडे जाऊ दे.

प्रतिसाद (वाशी)
वरच्या काकांचं पटलं, पण कागदावरचा शब्द तोंडात आला की त्याचं काय होतं तेही बघा. मी समुपदेशक आहे. एका न्यायालयाच्या व्हरांड्यात शिपायाने "पीडिता हजर आहे काऽऽ" असा पुकारा केला. बाकावरची सगळी डोकी वळली. मुलीने आईचा पदर ओढून तोंडावर घेतला. लैंगिक गुन्ह्यात पीडितेची ओळख उघड करणं भारतीय न्याय संहितेच्या कलम ७२ खाली गुन्हा आहे. तो पुकारा ऐकणाऱ्यांना आणखी काय सांगायचं उरलं होतं? माझं ठाम मत: लिहिताना पीडित, बोलताना ताई, दादा, बाळा, किंवा ते माणूस सांगेल ते.

आणि 'पीडिता' असं स्त्रीलिंगी ठोकून देऊ नका. अत्याचार झालेले मुलगेही आमच्याकडे येतात, आणि त्यांचे वडील तो शब्द वाचून पत्रक खाली ठेवतात.

प्रतिसाद (कोपरी)
सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२३ मध्ये लिंगभावाच्या रूढ कल्पनांवर हस्तपुस्तिका काढली. तिथे 'व्हिक्टिम' आणि 'सर्व्हायव्हर' दोन्ही चालतील, त्या व्यक्तीने स्वतः पसंती सांगितली असेल तर ती पाळावी, असं आहे. मराठीत 'सर्व्हायव्हर'चं काही केल्या जमत नाही. 'वाचलेली' म्हटलं की बस उलटली त्यातून वाचली असं वाटतं.

प्रतिसाद (वाशी)
'सपोर्ट पर्सन'चं राहिलंच. पॉक्सो, म्हणजे मुलांवरील लैंगिक गुन्ह्यांचा कायदा, त्याच्या २०२० च्या नियमांप्रमाणे बाल कल्याण समिती मुलासाठी अशी व्यक्ती देऊ शकते, मूल आणि पालक यांच्या संमतीने. ती तपासात, दवाखान्यात, साक्षीच्या दिवशी बरोबर असते. 'सहायक व्यक्ती' म्हटलं की ऑफिसातला सहायक वाटतो. आपल्याकडे दवाखान्यात पहिला प्रश्न काय असतो? "सोबत कोण आहे?" म्हणून मी 'सोबती' म्हणते. लहान मुलांनाही कळतं. जबाब घेणारा पोलीस गणवेशात नसावा हे कायद्यात आहे, तेही मी मुलांना याच ओळीत सांगते: "पोलीस मावशी साध्या कपड्यांत येतील, सोबती तुझ्याजवळ बसेल."

प्रतिसाद (कळवा)
आमच्यासारख्यांसाठीही पत्रकात दोन ओळी घाला. मी दवाखान्यात वैद्यकीय समाजसेविका आहे. ॲसिड हल्ल्याच्या जखमा, जबाब, नातेवाइकांचा आक्रोश, आणि रात्री घरी भाकरी थापताना तेच डोळ्यांपुढे. वरिष्ठ सांगायचे, "जिवाला लावून घेऊ नका." हे बोलणं चांगल्या मनाचं असतं, पण त्यातून असं निघतं की लागलं तर चूक आपली. लागतंच. आता आम्ही आठवड्यातून एकदा बसतो, नावं न घेता केस बोलतो, आणि ज्याला जास्त लागलंय त्याला पुढची तशीच केस देत नाही. पोलीस शिपाई, सरकारी वकील, रुग्णवाहिकेचे चालक यांना तेवढंही मिळत नाही.

प्रश्नकर्ती (ऐरोली)
खूप उपयोग झाला. मजकूर असा करतेय: "गुन्ह्यामुळे तुमचं नुकसान झालं असेल, इजा झाली असेल किंवा घरचं माणूस गेलं असेल, तर कायदा तुम्हाला पीडित म्हणतो आणि पुढचे हक्क देतो. एकटे येऊ नका, सोबती मागा." बलात्कार, ॲसिड हल्ला आणि मुलांवरील लैंगिक अत्याचार यांत खासगी दवाखान्यानेही तातडीचे उपचार मोफत द्यायचे असतात, ही ओळ ठळक छापतेय. भरपाईसाठी ठाण्याच्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचा पत्ता देते.

प्रतिसाद (नौपाडा, ठाणे)
एक दुरुस्ती. नवी मुंबई पोलीस आयुक्तालय एकच असलं तरी जिल्हे दोन आहेत. वाशी, नेरूळ, बेलापूर ठाण्यात. खारघर, कामोठे, पनवेल रायगडात. खारघरच्या माणसाला ठाण्याला पाठवलं तर त्याचा एक दिवस आणि रजा फुकट जाईल. त्याला रायगडचं प्राधिकरण, म्हणजे अलिबागचा पत्ता द्या. पत्रकाच्या दोन आवृत्त्या काढाव्या लागतील.