इंग्रजी वाक्यातील सब्जेक्ट आणि प्रोनाउन यांत नेमका फरक कोणता?

प्रश्न:
माझी मुलगी सेमी-इंग्रजी माध्यमात सहावीत शिकते. ‘शी गेव्ह हिम अ बुक’ या वाक्यातील सब्जेक्ट ओळखताना तिने ‘शी’ आणि ‘हिम’ हे दोन्ही शब्द अधोरेखित केले, कारण दोन्ही सर्वनामे आहेत. उत्तर चुकले हे मला कळते, पण ते का चुकले हे तिला पटेल अशा रीतीने सांगता येत नाही. जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

उत्तर १:
सर्वनाम ही शब्दाची जात आहे, तर सब्जेक्ट म्हणजे कर्ता हे शब्दाने त्या विशिष्ट वाक्यात केलेले काम आहे. मराठीत आपण क्रियापदाला ‘णारा’ लावून कर्ता शोधतो, तसेच येथे करावे. देणारी कोण? ‘शी’. पुस्तक ज्याला मिळाले तो ‘हिम’ सर्वनाम असूनही कर्म ठरतो. याउलट ‘माय एल्डर सिस्टर गेव्ह हिम अ बुक’ असे लिहिले, तर पहिले तीन शब्द मिळून कर्ता होतो, आणि त्यांच्या जागी एकटे ‘शी’ ठेवता येते.

उत्तर २:
वरील उत्तरात रूपांची भर घालावीशी वाटते. ‘आय’, ‘ही’, ‘शी’, ‘वुई’, ‘दे’ ही कर्त्याची रूपे असून ‘मी’ (इंग्रजी me), ‘हिम’, ‘हर’, ‘अस’, ‘देम’ ही कर्माची किंवा शब्दयोगी अव्ययानंतर येणारी रूपे आहेत. ‘यू’ आणि ‘इट’ मात्र दोन्हीकडे तशीच राहतात. आपल्या मुलांची खरी अडचण मराठीच्या सवयीतून येते. ‘मी पत्र लिहिले’, ‘मी चिठ्ठी लिहिली’ येथे क्रियापद कर्माप्रमाणे बदलते. इंग्रजीत ते नेहमी कर्त्याकडेच पाहते: ‘शी राइट्स लेटर्स’ यातील ‘राइट्स’च्या शेवटचा ‘स’ पत्रांमुळे नव्हे, ‘शी’मुळे आला आहे.

उत्तर ३:
‘णारा’ची युक्ती सोपी आहे, पण तिच्यावर पूर्ण विसंबू नये. ‘द थीफ वॉज कॉट’ यात पकडणारा चोर नव्हे, तरी इंग्रजी व्याकरणात सब्जेक्ट ‘द थीफ’च आहे, ‘इट इज रेनिंग’ यात तर करणारा कोणीच नाही. अशा वेळी वाक्याचा प्रश्न करून पाहावा: ‘वॉज द थीफ कॉट?’, ‘इज इट रेनिंग?’. साहाय्यक क्रियापद ज्याला ओलांडून पुढे येते, तो सब्जेक्ट. तुमच्या वाक्याचा प्रश्न ‘डिड शी गिव्ह हिम अ बुक?’ असा होईल, आणि ‘डिड’च्या लगेच मागे ‘शी’च दिसेल.