मदत हवी आहे: ज्येष्ठांच्या गरजांची पाहणी, विचारायचं कसं?

इंदूरला रामबाग-नारायण बाग भागात आमचं मंडळ बीपी-शुगर तपासणीचं शिबिर घेतं. येतात तेच ते, जिना उतरू शकणारे. न येणाऱ्यांना काय हवंय ते कळल्यावरच पुढचा खर्च ठरवायचा आहे.

गूगल फॉर्म पाठवला, तो भरला पुण्या-बंगळूरच्या मुलांनी! घरोघर गेलो, तर “काही अडचण?” याला उत्तर एकच: “छे हो, सगळं छान. चहा टाकू?” हे म्हणणाऱ्या एका आजींच्या टेबलावर रक्तदाबाच्या गोळ्या अर्ध्या तोडून ठेवलेल्या होत्या. पुरवून खातात. सत्तरीपुढच्यांना उत्पन्नाची अट नसलेलं ५ लाखांचं आयुष्मान कार्ड आहे, ते काढून देतोच आहोत. पण ते इस्पितळात दाखल झाल्यावर कामाचं, रोजच्या गोळ्यांना नाही.

स्वयंसेवक मोजके, तेही निवृत्त. सोबत डॉक्टर नाही. आजार नावानिशी लिहायला लोक बिचकतात, म्हणून कागदावर नाव नको असं ठरवलंय.

अशी पाहणी कोणी केली असेल तर सांगा: ‘अडचण’ हा शब्द टाळून नेमके कोणते प्रश्न विचारलेत? आणि सून-मुलगा समोर बसलेले असताना आजी-आजोबांना बोलतं कसं केलंत?