किट कारला बाइकचं इंजिन? माझं मत: नको

नटबोल्ट:
लोटस सेव्हन या छोट्या, हलक्या ब्रिटिश स्पोर्ट्स कारच्या धर्तीची, पुढे इंजिन आणि ओढ मागच्या चाकांना, अशी किट कार (सुटे भाग आणून स्वतः जोडायची गाडी) बांधायची म्हटली की सुझुकीच्या हायाबुसा बाइकचं इंजिन डोक्यात घोळायला लागतंच. माझं म्हणणं, अश्वशक्तीच्या आकड्यांच्या नादी लागू नका. मागच्या चाकांवर चालणारी जुनी गाडी, समजा माझ्दा एमएक्स-५, अख्खी घ्या आणि इंजिन, गिअरबॉक्स, डिफरन्शियल (मागच्या दोन चाकांना ओढ वाटून देणारा भाग), वायरिंग, ईसीयू (इंजिन सांभाळणारा संगणक) सगळं तिचंच वापरा. इंजिन एकीचं नि गिअरबॉक्स दुसरीचा घेतला की अडॅप्टर प्लेट (दोघांना जोडणारी पट्टी), फ्लायव्हील, क्लच यांच्या जुळवाजुळवीतच वेळ आणि पैसा जिरतो. १९५७ ची मूळ सेव्हनसुद्धा फोर्डच्या ११७२ सीसीच्या साध्या, जुन्या पद्धतीच्या साइड-व्हॉल्व्ह इंजिनावर पळायची, जेमतेम ४० अश्वशक्तीत.

सुसाट:
१९५७ चे दाखले आता कशाला? १३४० सीसीची हायाबुसा १९० च्या आसपास अश्वशक्ती देते, आणि सिक्वेन्शियल (बाइकसारखा एकामागून एक गिअर पडणारा) गिअरबॉक्स इंजिनाच्या पोटातच असतो. म्हणजे जुळवाजुळवीचा तुमचा मुद्दा इथे लागूच होत नाही! जुन्या एमएक्स-५ च्या इंजिनाचा ब्लॉक बिडाचा, म्हणजे जड. गिअरबॉक्ससकट तोललं तर बाइकचा संच कितीतरी हलका. आणि 'टॉर्क (ओढायची ताकद) नाही' हे पालुपद नको. १.८ लिटरच्या एमएक्स-५ एवढाच आहे, दीडशे न्यूटन-मीटरच्या आसपास.

नटबोल्ट:
आहे, पण सात हजार आरपीएमला. एमएक्स-५ ला तो पाच हजारांच्या आसपास मिळतो. चढावर उभी गाडी हलवायची तर क्लच घासत बसा, आणि तो क्लच अडीचशे किलोच्या बाइकसाठी केलेला. बरं, रिव्हर्सचं काय?

सुसाट:
वेगळा रिव्हर्स बॉक्स मिळतो, नाहीतर छोटी इलेक्ट्रिक मोटर. अर्ध्या टनाची गाडी, उतरून ढकलली तरी जाते :)

पानाबहाद्दर:
अहो, तेलाचं कोणी बोलेना! बाइक वळणावर कलते, म्हणून तेल सम्पच्या (इंजिनाखालच्या तेलाच्या भांड्याच्या) तळाशीच राहतं. कार तशी कलत नाही. लांब वळणावर तेल एका बाजूला चढतं, पिकअप (तेल खेचणारी नळी) हवा ओढतो आणि बेअरिंगं जातात. बॅफल (तेल अडवणाऱ्या आडव्या पट्ट्या) घाला किंवा ड्राय सम्प करा (तेल वेगळ्या टाकीत ठेवा); सुसाटरावांच्या हिशेबात हा खर्च कुठे दिसत नाही. नटबोल्ट, तुम्हीही फार खूश होऊ नका. सेव्हनमध्ये इंजिन इतकं खाली बसतं की गाडीच्या इंजिनाचा सम्पही बऱ्याचदा कापून उथळ करावा लागतो, आणि मग बॅफल तिथेही आलेच.

सुसाट:
ट्रॅकसाठी बांधणारा ड्राय सम्प करणारच.

नटबोल्ट:
ट्रॅकपुरतं मान्य. पण रस्त्यावर चालवायची असेल तर सेव्हनच्याच घडणीची केटरहॅम १७० बघा: सुझुकीचं ६६० सीसीचं तीन सिलिंडरचं टर्बो इंजिन, ८४ अश्वशक्ती, गाडी साधारण ४४० किलोची. एवढ्यात मजा येत नसेल तर दोष इंजिनाचा नाही.

सुसाट:
८४? मग टॅकोमीटर (आरपीएमचा काटा) तरी कशाला बसवायचा!