बालगृहातून बाहेर पडणाऱ्या मुलासाठी कोर्स सुचवा (सोलापूर, बजेट महिना 3000)

झेरॉक्सवाला:
नमस्कार मंडळी. नवी पेठेत माझं झेरॉक्स-बाइंडिंगचं दुकान आहे. सुट्टीत एक मुलगा कामाला येतो, लहानपणापासून बालगृहात वाढलेला. जूनअखेर 18 पूर्ण होतात, म्हणजे तिथून निघावं लागणार. 10वीला 61 टक्के, 12वी कला, इंग्रजी राहिलंय. वडील नाहीत. आई आहे, पण तिनं दुसरं लग्न केलं, संपर्क नाही. पोराच्या हाताला सफाई आहे. बिलबुकं कटरवर घेतली की एक पान तिरकं जात नाही, उरलेल्या पट्ट्यासुद्धा मापानं लावून ठेवतो.
मी आणि एक मित्र मिळून वर्षभर महिना 3000 देऊ शकतो. त्यापुढं नाही, आधीच सांगतो. आयटीआय इलेक्ट्रिशियन करावं का एखादा खासगी कोर्स? आणि राहायचं कुठं?

कडकभाकरी:
इलेक्ट्रिशियन. डोळे झाकून. माझा पुतण्या विजापूर रोडच्या शासकीय आयटीआयतून निघाला, चिंचोळी एमआयडीसीत अप्रेंटिस केली, आता बाहेर चांगल्या कंपनीत आहे. गेल्या दिवाळीत आईला वॉशिंग मशीन घेतलं. फी पण किरकोळ.

चाकणकर_मूळ_बार्शी:
सोलापुरात काय ठेवलंय मालक? पुण्याच्या हुतात्मा एक्सप्रेसला बसवून द्या. सीएनसीचा, म्हणजे संगणकावर चालणाऱ्या मशीनचा कोर्स 35 हजारात होतो, पीजी 7 हजार. इकडं आला की बघू आपण.

झेरॉक्सवाला:
दादा, 3000 म्हणालो.

चाकणकर_मूळ_बार्शी:
वाचलं की. गुंतवणूक म्हणून बघा.

जुनी_मिल:
खासगीच्या नादाला लागू नका. माझ्या पोरानं एका क्लासमध्ये मोबाइल रिपेअरिंग केलं. शंभर टक्के नोकरीची हमी होती. परीक्षा झाली अन् आठवड्यात शटर खाली. सर्टिफिकेटवर ‘सोलापुर’ असं ऱ्हस्व छापलंय. तेव्हाच कळायला पाहिजे होतं.

डॅलसवासी:
इथे अमेरिकेत फॉस्टर केअरमधून (सरकारी देखरेखीखालच्या संगोपनातून) बाहेर पडणाऱ्या मुलांना कॉलेज किंवा ट्रेनिंगसाठी वर्षाला 5000 डॉलरपर्यंत व्हाउचर मिळतं, चेफी कार्यक्रमातून. वयाच्या 26 पर्यंत घेता येतं, एकूण पाच वर्षं. आपल्याकडे असं काही होणं कठीणच.

कडकभाकरी:
डॉलरचं राहू द्या साहेब, इथं आधारवरचा पत्ता बदलायला दोन चकरा होतात.

सौ_मंगळवेढा:
कठीण कशाला? आपल्याकडं 2018 पासून अनाथांना शिक्षणात आणि सरकारी नोकरीत 1 टक्का आरक्षण आहे. 2024 च्या जुलैत आदेश निघाला, त्यात प्रमाणपत्रवाल्या अनाथ मुलामुलींना व्यावसायिक कोर्सची शिक्षण फी आणि परीक्षा फी पूर्ण माफ. आधी अनाथ प्रमाणपत्र काढा, बाकी आपोआप होतं. माझ्या मैत्रिणीच्या ओळखीतल्या एका मुलीला मिळालंय.

बॅकबेंचर:
12वीचं काय? 17 नंबर फॉर्म भरा. माझ्या भावानं 17 नंबरनंच केली.

जुनी_मिल:
17 नंबर बाहेरून बसणाऱ्याला. हा नियमित बसून एका विषयात राहिलाय, पुरवणी परीक्षेचा फॉर्म त्याच्याच कॉलेजात भरायचा.

बॅकबेंचर:
माझा भाऊ पण राहिलाच होता.

जुनी_मिल:
तुझा भाऊ कॉलेजलाच गेला नव्हता, तूच मागच्या धाग्यात लिहिलंयस.

माजी_अधीक्षिका:
मी दुसऱ्या जिल्ह्यात बालगृहावर होते, आता निवृत्त. सौ_मंगळवेढा, तुमची माहिती बरोबर आहे, पण या मुलाची आई हयात आहे. अनाथ प्रमाणपत्रासाठी आईवडील दोघंही हयात नसावे लागतात. त्यात वेळ घालवू नका.
त्याला लागू होतं ते अनुरक्षण. बाल न्याय कायदा 2015, कलम 46. संस्थेतून 18 पूर्ण करून निघणाऱ्या कुठल्याही मुलाला, अनाथ असो नसो, 21 पर्यंत आधार देता येतो, अपवादात्मक प्रकरणात 23 पर्यंत. केंद्राच्या मिशन वात्सल्य या बाल संरक्षण योजनेत यासाठी महिना 4000 रुपये धरलेत. अर्ज निघण्याआधी करायचा. जिल्हा बाल संरक्षण कक्षात द्या, बालकल्याण समितीपुढं त्याचं नाव येऊ दे. एकदा पोरगं संस्थेतून निघून कुणाच्या खोलीवर गेलं की त्याला शोधून काढून लाभ देण्याइतकी माणसं कुठल्याच कार्यालयात नसतात. पैसे दर महिन्याला वेळेवर पडतील या भरवशावर भाडं ठरवू नका.
निघताना हातात काय हवं: समितीच्या आदेशाची प्रत, शाळा सोडल्याचा दाखला, आधार, आणि फक्त त्याच्या नावाचं बँक खातं. खातं अधीक्षकांबरोबर संयुक्त असेल तर आत्ताच बदलून घ्या.

कडकभाकरी:
बरोबर. आणि ही सगळी कागदं आयटीआयच्या ऑनलाइन फॉर्मलाही लागतील. इलेक्ट्रिशियन दोन वर्षं आहे, लक्षात ठेवा.

सौ_मंगळवेढा:
मी पण तेच म्हणत होते, कागदपत्रं आधी.

जुळे_सोलापूर:
विजापूर रोडला खोली घेणार असाल तर पाण्याचं विचारून घ्या. आमच्याकडं चौथ्या दिवशी येतं.

बॅकबेंचर:
चौथ्या? मजा आहे तुमची.

जुळे_सोलापूर:
तेही रात्री दोनला. मजा काय.

स्वतःचा_पत्ता:
मी स्वतः बालगृहातून निघालोय, आता एका बँकेत शिपाई आहे. काका, ते 3000 कोर्सवर घालवू नका, शासकीय आयटीआयला तेवढे लागतही नाहीत. खोलीच्या डिपॉझिटसाठी साठवा. मला काम आधी मिळालं, खोली नाही. घरमालक विचारायचा, ‘गावाकडं कोण असतं?’ मी गप्प. मग तो म्हणायचा, पुढच्या आठवड्यात ये. भाडेकरारावर साक्षीदार म्हणून तुमची सही झाली तर ती पैशापेक्षा जास्त कामाची.
दुसरं, त्याला गॅस लावता येतो का, वरणभाताचा कुकर लावता येतो का बघा. संस्थेत दोनशे पोरांचा स्वयंपाक वेगळा असतो, आम्हाला स्वयंपाकघरात फिरकू देत नव्हते. पहिला पगार मी हॉटेलातच संपवला.

चाकणकर_मूळ_बार्शी:
पीजीत जेवण धरून असतं, म्हणून म्हणतोय.

डॅलसवासी:
कुणी त्या मुलाला विचारलं का, त्याला काय करायचंय?

कडकभाकरी:
18 वर्षांच्या पोराला काय कळतं? माझा पुतण्या हॉटेल मॅनेजमेंट म्हणत होता.

झेरॉक्सवाला:
सगळ्यांचे आभार. काल त्याला समोर बसवून विचारलं. इलेक्ट्रिशियन नको म्हणाला. पुणं तर नकोच, लहान भाऊ अजून त्याच बालगृहात आहे, दर रविवारी भेटायचं असतं. हे मला माहीतच नव्हतं. अक्कलकोट रोडला शाळेच्या गणवेशाच्या एका कारखान्यात तो आधीच जाऊन आलाय. कटिंग मास्तरच्या हाताखाली, महिना 8000, जुलैपासून. मास्तरनं कापडाचे थर लावायला दिले आणि पंधरा मिनिटं बघून म्हणाला, ये. मी म्हटलं, आयटीआयचा फॉर्म तरी भरून ठेव. म्हणाला, भरतो, पण जाणार नाही.
इंग्रजीचा पुरवणीचा फॉर्म भरला. अनुरक्षणाचा अर्ज माजी_अधीक्षिकांनी सांगितला तसा दिला. खोली कारखान्यातल्याच एकाबरोबर वाटून घेतोय. करारावर माझी सही आहे, 3000 तूर्त डिपॉझिटला.

कडकभाकरी:
चूक करताय. दिवाळीला हाच धागा वर काढतो बघा.

जुनी_मिल:
गणवेशाचा सीझन जूनला संपतो. पुढं काय?

झेरॉक्सवाला:
विचारलं. नंतर हॉटेल, हॉस्पिटलच्या ऑर्डरी असतात म्हणे.

माजी_अधीक्षिका:
अर्जाची पोच घेतली का? तारखेसकट शिक्का बघा, नुसती सही चालत नाही.

झेरॉक्सवाला:
फक्त सहीच आहे. उद्या परत जातो.

सौ_मंगळवेढा:
चाकणकर, ते 7 हजारवालं पीजी कुठं आहे? माझ्या भाच्याला हवंय. जेवण खरंच धरून आहे ना?