गोळ्यांचा पहारा मुलीकडे नको

एक प्रश्न आलाय की आई बायपोलरसाठी (मूड कधी अति उत्साहाचा, कधी खोल उदास होणारा आजार) लिथियम, म्हणजे मूड स्थिर ठेवणारं औषध, घेते, तर गोळ्यांवर लक्ष ठेवायचं काम 12 वर्षांच्या मुलीला द्यावं का. अजिबात नको. गोळी चुकली आणि आजार उलटला, तर पोर आयुष्यभर स्वतःलाच दोष देत बसतं. आठवड्याचा डबा बाबांनी नाहीतर मावशीने भरावा.

मुलीला आजाराचं नाव सांगा, लपवू नका. आई सलग दोन रात्री जेमतेम 3 तास झोपूनही टवटवीत दिसली, पहाटे 2 ला फडताळातली सगळी भांडी काढून बसली, तर फोन कुणाला करायचा, एवढं तिला ठाऊक हवं. नंबर फ्रिजवर चिकटवा, टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 पण.

आता मोठ्यांचं काम. रक्तातलं लिथियम तपासायला रक्त शेवटच्या गोळीनंतर 12 तासांनी द्यायचं. सकाळची गोळी त्यानंतरच, नाहीतर आकडा फसवा येतो. पातळी साधारण 0.6 ते 1.0 मिलिमोल प्रतिलिटर. निर्जळी किंवा अळणी उपवास, जुलाब, कडक ऊन यांनी ती चढते (उपवासाचं घरात कुणाच्या लक्षातच येत नाही). अंगदुखीला आयब्युप्रोफेन टाळा, पॅरासिटामॉल चालते. हात जोरात थरथरले, उलट्या झाल्या, चालताना झोक गेला तर लिथियम फार चढलं असू शकतं; पुढची गोळी न देता थेट हॉस्पिटल गाठा.