मुदत ठरलेली असेल तर बांधकामांवर स्थगिती चालेल

‘जुन्या वस्तीतली बांधकामं रोखली की गावच थिजतं’ असं काहींचं मत आहे. मला ते पटत नाही. फ्रान्समधल्या ल्यों शहराचंच बघा. महापौर लुई प्रादेल यांना तिथल्या जुन्या वस्तीतून रस्ता काढायचा होता. संस्कृतिमंत्री मालरो यांच्या, जुन्या वस्त्या जपण्यासाठीच्या १९६२ च्या कायद्याने ते बारगळलं आणि १९६४ मध्ये ती वस्ती देशातलं पहिलं संरक्षित क्षेत्र झाली. वस्ती जपण्याचा आराखडा तयार होईपर्यंत तिथे बांधकाम परवान्यावरचा निर्णय दोन वर्षांपर्यंत लांबवता येत असे. दोनच वर्षं, हे महत्त्वाचं! बेमुदत स्थगितीत साधी दुरुस्तीही अडते आणि घर आपसूक कोसळायची वाट बघणाऱ्या बिल्डरचं फावतं. (भाडेकरूंचे हाल वेगळेच.) त्यामुळे दुरुस्तीला मात्र पहिल्या दिवसापासून मुभा हवी.